कर्करोग बरा झाला, हृदयाचे काय?

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत एका हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कर्करोगाच्या विषयावर बोलण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. एका पिढीपूर्वी तो रास्तही ठरला असता. लिम्फोमाचा रुग्ण वाचतो की नाही, हीच तेव्हा मुख्य चिंता होती. वीस वर्षांनी त्याच्या हृदयाचे काय होईल, याचा विचार करण्याइतकी उसंत ना रुग्णाला होती, ना वैद्याला. आज ती उसंत मिळाली आहे. ही वैद्यकशास्त्राची मोठी कमाई आहे आणि आजचा विषय त्या कमाईतूनच जन्माला आला आहे.

लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, घसा सुजला की मानेत गाठ हाताला लागते, त्या या ग्रंथी. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याच्या एका प्रकारास हॉजकिन लिम्फोमा असे नाव पडले. उरलेल्या साऱ्या प्रकारांना एकत्रितपणे नॉन-हॉजकिन म्हणतात. हॉजकिन लिम्फोमा अनेकदा विशी-तिशीतील तरुणांना गाठतो आणि लवकर ध्यानात आला तर दहांपैकी नऊ रुग्ण बरे होतात. नॉन-हॉजकिनमधील सर्वाधिक आढळणारा प्रकार वेगाने वाढणारा असला, तरी त्यातही दहांपैकी सुमारे सहा जण पहिल्याच उपचाराने कायमचे बरे होतात. बावीस वर्षांचा मुलगा बरा होतो, म्हणजे त्याच्यापुढे पन्नास वर्षांचे आयुष्य उभे असते. ते आयुष्य ज्या हृदयाच्या बळावर काढायचे, त्या हृदयाची विचारपूस कोणी करायची?

या उपचारांचा कणा असलेले औषध तांबडे आहे. ज्यांच्या घरी केमोथेरपी झाली आहे, त्यांना ती लाल रंगाची सुई आठवत असेल. ती दिल्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते आणि घरची मंडळी रक्त जाते आहे असे समजून घाबरून जातात. डॉक्सोरुबिसिन हे त्या औषधाचे नाव. ॲड्रियामायसिन हे त्याचे जुने नाव. इटलीच्या दक्षिण भागात कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातील किल्ला आहे. १९५० च्या दशकात त्या परिसरातील मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. मिलानच्या संशोधकांनी तो प्रयोगशाळेत वाढविला, तेव्हा तो गडद तांबडे द्रव्य तयार करतो असे दिसले. त्यापासून आधी डॉनोरुबिसिन व पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्सोरुबिसिन मिळाले. जवळच्या ॲड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नामकरण झाले. मिलानच्याच जानी बोनाडोना यांनी १९७० च्या दशकात त्यात आणखी तीन औषधे मिळवून हॉजकिनसाठी 'एबीव्हीडी' ही उपचारपद्धती बसविली. नॉन-हॉजकिनसाठी 'चॉप' ही चार औषधांची जोडणी रूढ झाली. १९९७ साली मान्यता मिळालेले रिटुक्सिमॅब तिला जोडले गेले आणि ती 'आर-चॉप' झाली. गेल्या काही वर्षांत किती नवी औषधे आली! पण आजही बहुसंख्य रुग्णांच्या पहिल्या उपचारात हे तांबडे औषध आहेच. त्याला पूर्ण पर्याय अजून मिळालेला नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. या दोन्ही पद्धतींमधील व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधे आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळाली आहेत. मधुमेहावरील लोकौषध म्हणून संशोधक तिची परीक्षा घेत होते. मधुमेह बाजूलाच राहिला, पण रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात हे लक्षात आले आणि कर्करोगावरील औषध हाती आले. यावरून कोणी मधुमेहासाठी सदाफुलीची पाने चघळत असेल, तर त्याने ते आजच थांबवावे. हे वनस्पतिजन्य द्रव्य अत्यंत तीव्र आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. तांबडे औषध कर्कपेशींच्या गुणसूत्रांवर घाव घालते. त्यासाठी ते पेशीतील एका विशिष्ट प्रथिनाला पकडते. दुर्दैवाने त्या प्रथिनाचा सख्खा भाऊ शोभेल असे दुसरे प्रथिन हृदयाच्या स्नायुपेशींत असते आणि औषध त्यालाही पकडते. २०१२ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत हे दाखवून दिले. हृदयाच्या पेशीतील ऊर्जेची यंत्रणा बिघडते आणि पेशी मरते. त्वचेची पेशी मेली तर नवी येते, केस गळले तर पुन्हा उगवतात, तोंड आले तर बरे होते. हृदयाचे तसे नाही. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००९ साली दाखविले, की पंचविशीतील माणसाच्या हृदयात वर्षाकाठी जेमतेम एक टक्का स्नायुपेशी नव्या तयार होतात आणि उतारवयात त्याच्याही निम्म्या. (हा हिशेब त्यांनी अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सर्गी कार्बनच्या आधारे मांडला; शास्त्र कोठून काय शोधून काढील, सांगता येत नाही.) म्हणून हृदयात झालेली झीज सहजासहजी भरून निघत नाही.

ही झीज मात्रेवर अवलंबून असते आणि मात्रा आयुष्यभर साठत जाते. उंची आणि वजन यांवरून शरीराचे क्षेत्रफळ काढतात आणि दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम, अशा हिशेबाने औषध देतात. आर-चॉपच्या एका सायकलमध्ये ५० मिलिग्रॅम, म्हणजे सहा सायकलमध्ये ३००. एबीव्हीडीच्या सहा सायकलमध्येही तेवढेच. २००३ साली तीन जुन्या चाचण्यांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एकूण मात्रा ४०० झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्के, ५५० झालेल्यांपैकी २६ टक्के आणि ७०० पर्यंत पोहोचलेल्यांपैकी ४८ टक्के रुग्णांचे हृदय दुर्बळ झाल्याचे आढळले. चढ कसा एकाएकी उभा होतो, ते पाहा. म्हणून आज ४०० च्या पुढे जाण्याचे शक्यतो टाळतात. पण ३०० म्हणजे निर्धोक असेही नाही. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत २५० आणि त्यापुढील मात्रा मिळालेल्यांना अधिक जोखमीचे मानले आहे. म्हणजे सहा सायकल पूर्ण केलेला आपला नेहमीचा रुग्ण या वर्गात बसतो.

खरी अडचण अशी, की आरंभी रुग्णाला काहीच जाणवत नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढे रक्त भरते, त्यातील किती टक्के ते एका ठोक्यात बाहेर फेकते, हे टू-डी एको तपासणीत दिसते. बोलीभाषेत आपण त्याला 'हार्टचे पंपिंग' म्हणतो. ते ६० चे ४८ झाले, तरी माणूस हिंडतो-फिरतो, दुकानावर बसतो. थकवा आलाच तर 'केमोमुळे असेल' असे घरचे म्हणतात आणि रुग्णही तेच म्हणतो. धाप लागू लागते, संध्याकाळी पाय सुजतात, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, तेव्हा पंपिंग ३० वर आलेले असते.

इटलीतील डॅनिएला कार्डिनाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलानमध्ये या प्रश्नाचा जो पाठपुरावा केला, तो मला फार मोलाचा वाटतो. २०१५ साली त्यांनी अशी औषधे घेतलेल्या २६२५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ९ टक्के रुग्णांचे पंपिंग घटले आणि त्यांतील ९८ टक्क्यांमध्ये ही घट उपचारानंतरच्या पहिल्या वर्षातच दिसून आली. तत्काळ औषधे सुरू केल्यामुळे यांतील ८२ टक्के रुग्ण अंशतः वा पूर्णतः सावरले. त्याआधीच्या, २०१० मधील त्यांच्या अभ्यासात तर दोन महिन्यांच्या आत औषध सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के सावरले. आणि सहा महिन्यांनंतर ज्यांना औषध मिळाले, त्यांतील एकाचेही हृदय पूर्ववत् झाले नाही. ही औषधे काही दुर्मिळ वा लाखांच्या घरातील नव्हेत. एनालाप्रिल, कार्व्हेडिलॉल ही रक्तदाबासाठी गावोगावच्या औषधांच्या दुकानांत मिळणारी साधी औषधे. जे गमावले जाते, ते औषधाअभावी नव्हे. वेळेवर तपासणी न झाल्याने गमावले जाते.

तेव्हा तपासण्या कोणत्या? केमो सुरू होण्यापूर्वी एक टू-डी एको, एक ईसीजी, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. शक्य असेल तेथे ट्रोपोनिन आणि बीएनपी या रक्ताच्या चाचण्या. उपचार चालू असताना जोखमीनुसार पुन्हा एको आणि संपल्यावर वर्षाच्या आत एक एको प्रत्येकाचा, मग तो कितीही ठणठणीत वाटो. अधिक जोखमीच्या रुग्णांनी तिसऱ्या व पाचव्या वर्षी आणि नंतर दर पाच वर्षांनी एको करावा. एको करणाऱ्याला 'स्ट्रेन' मोजण्यास सांगावे. पंपिंगचा आकडा घसरण्याआधी स्नायूच्या आकुंचनातील मांद्य त्यात कळते; आधीच्या तुलनेत १५ टक्क्यांहून अधिक घट झाली, तर आम्ही सावध होतो. एक पथ्य मात्र पाळा : शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर तपासणी करा. दोन ठिकाणच्या आकड्यांत तसाही पाच-दहाचा फरक पडतो आणि मग विनाकारण घबराट उडते.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह असल्याचे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. त्यातील कित्येकांना ते ठाऊकही नसते. पन्नाशीतील माणसाला लिम्फोमा होतो, तेव्हा त्याचे हृदय कोरी पाटी नसते. त्यातच आर-चॉपमध्ये प्रत्येक वेळी पाच दिवस प्रेड्निसोलोनची मोठी मात्रा असते. तिने साखर आणि रक्तदाब दोन्ही उसळतात. अशा वेळी घरच्यांचे सारे लक्ष पांढऱ्या पेशींच्या आकड्याकडे लागलेले असते आणि बीपीची रोजची गोळी 'आता एवढी औषधे चालू आहेत, ही कशाला' म्हणून बंद होते. हे मी वारंवार पाहिले आहे. कृपया तसे करू नका. तांबड्या औषधाने होणारी झीज आणि अनियंत्रित रक्तदाबाने होणारी झीज यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. तंबाखू, मिश्री, विडी या विषयावर मी आज बोलत नाही. त्यासाठी वेगळे व्याख्यान लागेल आणि ऐकणारे तेच असतील.

आधीपासून हृदय दुर्बळ असेल तर काय? मार्ग आहेत. औषध मेदाच्या सूक्ष्म आवरणात बंद करून देता येते, डेक्सराझॉक्सेन नावाचे संरक्षक औषध आधी देता येते, क्वचित तांबडे औषध वगळून दुसरी जोडणी निवडता येते. कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयीही अलीकडे बरीच चर्चा झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडात लिम्फोमाच्या ३०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ज्यांना ॲटोरव्हास्टॅटिन दिले, त्यांच्यापैकी ९ टक्क्यांचे पंपिंग लक्षणीय घटले. ज्यांना नुसती निरौषध गोळी दिली, त्यांच्यापैकी २२ टक्क्यांचे. हे वाचून अनेकांना हायसे वाटले. पण त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, ज्यात स्तनाच्या कर्करोगाचे रुग्णही होते, काहीच फरक दिसला नव्हता. म्हणून प्रत्येकाने ही गोळी घ्यावी असे मी म्हणणार नाही. जोखीम अधिक असलेल्यांना, किंवा ज्यांना तशीही तिची गरज आहे त्यांना, मी ती आनंदाने देतो.

दुसरा धोका किरणोपचाराचा, ज्याला आपल्याकडे 'शेक देणे' किंवा 'लाइट घेणे' म्हणतात. हॉजकिनचा रोग पुष्कळदा छातीच्या मध्यभागी, हृदयाच्या शेजारीच असतो. १९६० च्या दशकापासून कित्येक वर्षे मान, काखा आणि छातीचा मोठा भाग एकत्रच किरणांखाली घेत असत. रुग्ण बरे झाले. त्याची किंमत पुढे पंधरा, वीस, तीस वर्षांनी कळली. हृदयाच्या रोहिण्या आतून अरुंद होतात, झडपा ताठर होतात, बाहेरचे आवरण जाड होते. २०१५ साली हॉलंडमध्ये हॉजकिनमधून वाचलेल्या २५२४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात रोहिणीविकार सुमारे तिप्पट आणि हृदयाची दुर्बलता जवळजवळ सातपट आढळली आणि उपचारांनंतर ३५ वर्षे उलटली तरी हा धोका ओसरलेला नव्हता.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. वय सेहेचाळीस. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, सडसडीत बांधा. जिना चढताना छातीत जळजळ होई. दोन वर्षे पित्तावर औषध चालले होते. एवढ्या सडपातळ बाईंना हृदयविकार कसा असेल, असे सर्वांनीच धरले होते. मानेखाली त्वचेचा रंग जरा वेगळा दिसला, म्हणून मी विचारले. "एकविसाव्या वर्षी गाठ झाली होती, शेक दिला होता. पण ते केव्हाच बरे झाले," असे त्या म्हणाल्या. अँजिओग्राफीत मुख्य रोहिणीच्या अगदी मुखाशी अडथळा होता. जुने कागद मागितले. लग्नानंतर दोन घरे बदलली, त्यात फाईल रद्दीत गेली होती. किती किरणे दिली, तांबडे औषध दिले की नाही, कशाचाच पत्ता नव्हता. शस्त्रक्रिया झाली, बाई शाळेत रुजू झाल्या. पण आमची निवड त्या कागदांवाचून अंधारात झाली.

आता किरणोपचारही पुष्कळ सुधारले आहेत. केवळ रोगाच्या जागेपुरताच झोत देतात, मात्राही कमी असते आणि पेट स्कॅन स्वच्छ असेल तर अनेकदा किरणे टाळता येतात. दीर्घ श्वास रोखून धरायला लावून किरणे देण्याची एक युक्ती आहे. फुप्फुसे फुगतात, हृदय खाली सरकते आणि झोताच्या बाहेर राहते. आपल्या प्राणायामाचा सराव असलेल्यांना हे फारसे अवघड जात नाही. ज्यांना छातीवर किरणे मिळाली आहेत, त्यांनी हृदयाच्या रोहिण्यांची तपासणी पाच वर्षांनंतर कधी व कोणती करावी, हे तज्ज्ञांना विचारावे.

नव्या औषधांबाबत थोडक्यात सांगतो. इब्रुटिनिब या वर्गातील गोळ्यांनी हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि रक्तदाब वाढतो. त्याच वर्गातील नंतर आलेल्या गोळ्यांत हे प्रमाण कमी आहे. या गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट आणि त्याच्या कुळातले पपनस टाळावे. त्यांच्यामुळे औषधाची रक्तातील पातळी वाढते. प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या निव्होलुमॅबसारख्या औषधांनी क्वचित हृदयस्नायूचा दाह होतो. क्वचित, पण झाला तर गंभीर. आणि कार-टी उपचार, ज्यात रुग्णाच्याच पेशी घडवून त्याला परत देतात, तो आता परदेशापुरता राहिलेला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ही आपणा सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. त्यातही पहिल्या काही दिवसांत तीव्र ताप येऊन रक्तदाब कोसळू शकतो आणि हृदयावर ताण येतो, म्हणून त्याआधीही हृदयाची तपासणी हवी.

अर्जुनसालीचा काढा घ्यावा का, असे मला हमखास विचारतात. आयुर्वेदाबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच सांगतो : केमो चालू असताना कोणतेही चूर्ण, काढा वा भस्म दोन्हीकडच्या वैद्यांना सांगितल्यावाचून घेऊ नका. औषधे यकृतात एकमेकांना भेटतात आणि तेथे त्यांचे पटेलच असे नाही. चालणे मात्र कोणालाही न विचारता सुरू करावे असे म्हणतो. रक्तातील पेशी फार खाली गेलेल्या दिवसांत थांबावे, एरवी आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे झाली तर उत्तम.

या सगळ्याचा कोणी उलटा अर्थ घेऊ नये. 'औषधाने हृदय बिघडते' एवढेच लक्षात ठेवून चौथ्या सायकलनंतर उपचार सोडून गावी निघून गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचे हृदय शेवटपर्यंत उत्तम होते. त्यांना लिम्फोमाने नेले. रोग परतला तर दुसरा उपचार अधिक कठीण, अधिक खर्चाचा आणि हृदयावरही अधिक भार टाकणारा असतो. मात्रा कमी करणे, बदलणे वा थांबवणे हा निर्णय कर्करोगतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा आहे, घरच्या बैठकीत नव्हे.

रुग्णसेवेचे काम करणारे अनेक कार्यकर्ते येथे बसले आहेत. परळला रुग्ण घेऊन जाणे, धर्मशाळेत सोय लावणे, रक्त मिळवून देणे, हे आपण करीतच असता. त्यात एक काम वाढवा. उपचार संपून रुग्ण घरी निघेल, तेव्हा एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या : रोगाचे नाव, औषधांची नावे, डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा, किरणे दिली असल्यास कोठे व किती, आरंभीचा आणि शेवटचा एको, पुढील तपासणीची तारीख. त्याच्या तीन प्रती काढा. एक घरी, एक भावाकडे किंवा मुलीकडे, एक गावच्या डॉक्टरांकडे. मोबाइलमध्ये छायाचित्र ठेवा, पण केवळ त्यावर विसंबू नका, मोबाइल बदलतात. आणि वर्षभराने त्या घरी एकदा जाऊन विचारा, एको झाला का?

शेवटी, चिठ्ठीवर आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो विचारताना संकोच वाटलेला दिसतो. मुलीला अठराव्या वर्षी लिम्फोमा झाला होता, आता लग्न ठरते आहे. तिला मातृत्व झेपेल का? बहुतेक मुलींना झेपते. गरोदरपणात हृदयाला दीडपट काम करावे लागते, म्हणून दिवस राहण्यापूर्वी एक एको आणि पहिल्या तिमाहीत पुन्हा एक करून घ्यावा. पंपिंग चांगले असेल तर काळजीचे कारण नाही. कमी असेल तर आधी औषधे, मग निर्णय, कारण हृदयाची काही औषधे गर्भाला चालत नाहीत आणि ती आधी बदलावी लागतात. सासरच्यांना सांगावे का, असेही चिठ्ठीत विचारले आहे. सांगावे. प्रसूतीच्या वेळी ज्या डॉक्टर असतील, त्यांना तर सांगावेच लागेल. मग ज्यांच्या घरी ती राहणार, त्यांच्यापासून लपवून तिने तो कागद कोठे ठेवायचा?